ओजिब्वे ज्येष्ठांबरोबरच्या हाइकला भारतातून आलेल्या आईवडिलांना न्यावं का?

तुमचा प्रश्न असा: मिनेसोटात ग्रँड पोर्टेजला ओजिब्वे या मूळनिवासी जमातीचे ज्येष्ठ जंगलातून फिरवून आणतात, त्याला सत्तरीच्या आईवडिलांना न्यावं का, इंग्रजी कळत नसताना त्यांना काय समजणार, आणि तिथं 'बघण्यासारखं' काय आहे?

न्या. डोळे झाकून न्या. आणि नुसतं बघायचंच असेल तर हायवे 61 वर ग्रँड पोर्टेजच्या बरंच आधी गूजबेरीचा धबधबा लागतो, पार्किंगलाही पैसे पडत नाहीत. तिथूनच परत फिरा.

आम्ही ग्रँड पोर्टेजच्या हॅट पॉइंटला गेलो होतो. तिथं सुपीरियर सरोवराच्या काठावर उघड्या खडकातून वाढलेलं सीडरचं एक पिळवटलेलं झाड आहे, ओजिब्वे त्याला मनिडू गीझिकेन्स म्हणतात. 1731 मध्ये एका फ्रेंच प्रवाशानं त्याची नोंद केली तेव्हाही ते जुनंच होतं. सरोवरात होडी घालण्याआधी तिथं तंबाखू वाहायची रीत. पूर्वी लोकांनी झाडाची नासधूस केली, म्हणून आता तिथल्या ओजिब्वे माणसाला सोबत घेतल्याशिवाय जाता येत नाही. उत्तम नियम आहे.

सोबत आई, बाबा आणि आमचे मोठे दीर. दिरांना मी भाऊजी म्हणते, त्यामुळे तोंडावर काही बोलता येत नाही. इथं लिहिते.

नेणारे आजोबा ऐंशीच्या आसपासचे. निघण्याआधी बाबांनी तंबाखूची पुडी त्यांच्या हातात दिली. (बाबांची तंबाखू सुटावी म्हणून आईनं अर्धं आयुष्य भांडण्यात घालवलंय, आणि पुडी घेऊन दिली मी. आईचा चेहरा सांगत नाही.) थोडं चालायचं, थांबायचं, सीडरच्या पानाचा वास घ्यायचा, बर्चची साल कधी सहज सुटते ते ऐकायचं, असं चाललं होतं. मग बोलता बोलता आजोबा 1854 च्या ला पॉइंट तहावर आले. हा सगळा उत्तर किनारा त्या तहात अमेरिकन सरकारकडे गेला, पण तिथं शिकार, मासेमारी आणि रानातलं गोळा करण्याचा हक्क आमचाच राहिला, असं म्हणाले.

भाऊजी लगेच मराठीत, मोठ्यानं: "म्हणजे सरकारनं सवलती दिल्यात. सगळीकडे तेच."

बाबा निवृत्त तलाठी. मी तहाचं भाषांतर करून सांगितलं तर म्हणाले, "सवलत कसली? जमीन देताना हक्क राखून ठेवलाय. इतर हक्कात नोंद आहे की!" आमच्या आजोबांनी खालचं शेत विकलं तेव्हा विहिरीच्या पाण्याचा हक्क खरेदीखतात राखला होता, सातबाऱ्यावर तशी नोंद आहे. ते सगळं मी इंग्रजीत सांगितलं. ते ओजिब्वे आजोबा मोठ्यानं हसले आणि विचारलं, नवा मालक पाणी घेऊ देतो का? बाबा म्हणाले, दर उन्हाळ्यात भांडण होतं. तिथून पुढं दोघं म्हातारे पुढे, मध्ये मी दुभाषी, आणि मागे भाऊजी घड्याळात पावलं मोजत. "मैलभरसुद्धा झालं नाही, याला हाइक म्हणतात?"

दर गणपतीत भाऊजी हा 'सवलती'चा किस्सा सांगतात आणि बाबांच्या इंग्रजीवर हसतात. तर भाऊजी, 1905 च्या विनान्स खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं लिहून ठेवलंय की तहानं जमातींना हक्क मिळत नाहीत, जमाती सरकारला हक्क देतात आणि जे दिलेलं नाही ते त्यांचंच राहतं. 1999 मध्ये मिनेसोटातल्याच मिल लॅक्सच्या ओजिब्वेंचे 1837 च्या तहातले हक्क त्याच कोर्टानं 5 विरुद्ध 4 मतांनी कायम ठेवले. कायदा न शिकता बाबांना हे पायवाटेवर कळलं.

तर इंग्रजीची काळजी करू नका, भाषांतर करायला तुम्ही आहात. आईवडिलांपैकी कुणी शेती, जमीन, झाडपाला यातलं असेल तर तुम्हाला मध्ये बोलायला जागा मिळणार नाही. त्यांच्या दंतकथांचा नायक नानाबोझो, त्याच्या गोष्टी मात्र उन्हाळ्यात मागू नका, त्या बर्फ पडल्यावरच सांगतात. फोटो विचारून काढा.

हो, प्रत्येक जमातीचा तह वेगळा, सगळ्यांचे हक्क सारखे नाहीत. प्रत्येक ज्येष्ठ तहावर बोलेलच असंही नाही, कुणी फक्त झाडांवर बोलेल. सोबत कोण येणार, किती घेणार, हे आधी फोन करून विचारा. जूनमध्ये डास फाडून खातात, आईला पूर्ण बाह्यांचं काहीतरी घाला.

आणि कॅनडाची हद्द तिथून अगदी जवळ. फोन पलीकडचा टॉवर पकडतो आणि घड्याळ तासभर पुढं उडी मारतं. आम्ही त्यामुळे तासभर आधीच जाऊन बसलो होतो, आणि भाऊजींनी त्याचंही बिल त्या आजोबांवर फाडलं.