मोबाइलवर जिंकतो, पटावर रडतो

"मॅडम, मोबाइलवर रेटिंग १६०० च्या वर आहे, आणि स्पर्धेत पाचपैकी चार डाव हरून आला. बुद्धिबळच बंद करू का?" कोथरूडहून आलेल्या आईने खुर्चीत टेकण्याआधीच विचारलं. १२ वर्षांचा मुलगा मागे मान खाली घालून उभा. हा प्रश्न हल्ली माझ्याकडे वरचेवर येतो.

मी कपाटातला पट काढला आणि त्याच्याशी खेळायला बसले. प्रत्येक चालीआधी तो खुर्चीतून अर्धा उठायचा, वरून बघायला! स्क्रीनवर पट सपाट दिसतो. टेबलावर तो तिरका दिसतो. स्पर्धेतला राजाच साधारण ९.५ सेंटिमीटर उंच, त्याच्याआड लांबचा उंट सहज झाकला जातो. शिवाय विचार करताना त्याचं बोट घोड्यावर टेकायचं. मोबाइलवर असं केलं की घोडा कुठे जाईल त्याचे ठिपके उमटतात, नको वाटलं तर सोडून देता येतं. स्पर्धेत मुद्दाम हात लावलेला मोहरा नियमाने हलवता येत असेल तर हलवावाच लागतो. त्याचे दोन डाव तिथेच गेले होते.

"घरी हरलास की काय करतोस?"

"लगेच दुसरा लावतो."

रात्री पांघरुणात, एकेका मिनिटाचे डाव. वाईट वाटायच्या आत पुढचा सुरू. स्पर्धेत मात्र समोरच्याशी हात मिळवायचा, स्कोअरशीटवर, म्हणजे चाली लिहिलेल्या कागदावर, सही करायची आणि पुढच्या फेरीपर्यंत ती हार पोटात घेऊन बसायचं. ते त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

बाबांना मोबाइल काढून घ्यायचा होता. मी नको म्हटलं. घरबसल्या कुठल्याही देशातला जोडीदार मिळतो, ते का तोडायचं? फक्त एका मिनिटाचे डाव बंद. रोज एकच, १५ मिनिटांचा. शेजारी पट मांडायचा, झालेली प्रत्येक चाल त्यावर करायची, वहीत लिहायची, आणि विचार पटाकडे बघूनच. चाल ठरेपर्यंत हात मांडीखाली. रविवारी आजोबांशी डाव. आईबाबांना एकच पथ्य: स्पर्धेहून परतताना गाडीवर "कुठे चुकलं?" विचारायचं नाही. हे त्यांना सगळ्यात जड गेलं.

पहिले दोन आठवडे पोरगं चिडचिड करत होतं. दीड महिन्याने आईचा फोन आला. आजोबांनी त्याला हरवलं होतं. त्याने हात मिळवला, गॅलरीत जाऊन दहा मिनिटं एकटाच उभा राहिला, मग वही घेऊन आला.

"आबा, सतराव्या चालीपासून परत मांडू या?"