वाचनकोपरा आहे, पण मुलं तिकडे फिरकत नाहीत

प्रश्न : अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांची २५ मुलं आहेत. कोपऱ्यात मुळाक्षरांचा तक्ता लावलाय, कपाटात ४० पुस्तकं आहेत. तरी मुलं हात लावत नाहीत. काय चुकतंय?
– एक सेविका, जि. सातारा

उत्तर : ताई, त्या कोपऱ्यासमोर एकदा मांडी घालून बसा आणि मुलांच्या उंचीवरून बघा. कपाटात उभ्या लावलेल्या पुस्तकांच्या नुसत्या कडा दिसतात. ज्याला अजून वाचता येत नाही, त्याने त्यावरून पुस्तक ओळखायचं कसं? मुखपृष्ठच समोर हवं. उजेडाच्या भिंतीवर जमिनीपासून सुमारे दोन फुटांवर सहा फूट सुतळी घट्ट ताणा. प्रत्येक पुस्तकाला कपड्यांचे दोन चिमटे लावा, एकाने ते तिरकं लोंबतं. सात-आठ पातळ पुस्तकं मावतात. जाड पुस्तकांनी सुतळी झोळते, ती खाली टोपलीत ठेवा. एका वेळी १५ पुस्तकं पुरेत. दर सोमवारी चार-पाच बदला, पण मुलं पुन्हापुन्हा मागतात ती मुळीच काढू नका. पानं फाटतील, फाटू द्या. चिकटपट्टी जवळ ठेवा आणि मुलांसमोरच जोडा.

तक्ता मुलांच्या डोळ्यांच्या रेषेत आणा. त्याहून महत्त्वाच्या त्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या : पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा, दीड इंच उंच ठळक अक्षरं, शेजारी फोटो. सकाळी प्रत्येकाने आपली चिठ्ठी शोधून भिंतीवर लावलेल्या हजेरीच्या खिशात घालायची. महिन्याभराने फोटो झाका. 'प्रज्ञा'चं नाव अवघड म्हणून टाळू नका, तिला ते चित्रासारखं ओळखू येतं.

अक्षरं अ-आ-इ-ईच्या क्रमाने नकोत. क, म, ल, न आणि काना घेतला की मका, काका, मामा, नाक, कान असे ओळखीचे शब्द लगेच तयार होतात. अक्षरांच्या चिठ्ठ्या कापताना 'कि' मात्र अखंडच ठेवा, क आणि वेलांटी वेगळी करू नका : वेलांटी लिहिताना आधी, उच्चारताना नंतर, त्यामुळे मुलं गोंधळतात.

प्रश्न : पालक म्हणतात, पाटीवर गिरवून घ्या.

उत्तर : तीन-चार वर्षांच्या बोटांत ती ताकद अजून आलेली नसते, मूल पेन्सिल मुठीत धरतं आणि पुढे ती सवय मोडणं अवघड जाऊ शकतं. चिमटे लावणं, माती मळणं, मणी ओवणं यांनी बोटं तयार होतात. गडद रंगाच्या ताटात बारीक वाळूचा अर्धा सेंटिमीटर थर पसरून बोटाने अक्षर काढू द्या. थर जाड झाला तर तळ दिसत नाही आणि रेघ बुजते. पालकांना एकदा सकाळी हजेरीच्या वेळी बोलवा, मूल स्वतःचं नाव शोधताना त्यांना बघू द्या.