करदंटाच्या दहा वड्या, चार डबे आणि ८४

प्रश्न: सर नमस्कार, मुलगा सेकंड पीयूसीला, म्हणजे बारावीला आहे. सीईटीच्या गाईडात एक गणित आलंय, १० एकसारख्या वस्तू ४ वेगवेगळ्या डब्यांत भरायच्या, एकपण डबा रिकामा नको, किती प्रकारे? आम्ही म्हटलं प्रत्येक वस्तूला ४ डबे म्हणजे ४ चा दहावा घात, १०,४८,५७६. गाईडात उत्तर ८४. वस्तू सारख्या म्हणून १० फॅक्टोरियलनं (१ ते १० चा गुणाकार) भागून बघितलं तर १ पण येईना. चुकतंय कुठं?
— एक आई, निपाणी

उत्तर: ताई, ८४ बरोबर आहे. तुमचं १०,४८,५७६ कधी बरोबर, तर दहाच्या दहा वस्तू वेगळ्या असतील आणि डबा रिकामा राहिला तरी चालत असेल तेव्हा. इथं गोकाकच्या करदंटाच्या, म्हणजे डिंक-सुक्यामेव्याच्या मिठाईच्या, दहा सारख्या वड्या समजा, कुठली वडी कुठं गेली ते बघायचंच नाही, कुठल्या डब्यात किती एवढंच.

वड्या ओळीनं मांडा, मधे ९ फटी पडतात, त्यातल्या कुठल्यापण ३ फटींत एकेक काडी ठेवा की ओळीचे ४ तुकडे झाले, पहिला तुकडा पहिल्या डब्यात, दुसरा दुसऱ्यात, असं करत जायचं, आणि एका फटीत एकच काडी म्हणून डबा रिकामा राहूच शकत नाही. ९ मधून ३ निवडायचे, ९×८×७ भागिले ६, झाले ८४. रिकामा चालत असेल तर आधी डब्यामागे एक वडी जादा धरा, वड्या १४, फटी १३, उत्तर २८६, आणि शेवटी ती जादाची काढून घ्या.

भागाकार का बिघडला हे मात्र मुलाला नीट समजू दे, कारण खरी अडचण तिथंच आहे. वेगळ्या वस्तू धरल्या तर ७, १, १, १ ही वाटणी ७२० वेळा मोजली जाते, ३, ३, २, २ ही २५,२०० वेळा, आणि सगळ्या एकाच डब्यात टाकल्या तर ती फक्त एकदाच. प्रत्येक वाटणी सारख्याच वेळा मोजली गेली असती तरच एका आकड्यानं भागून चाललं असतं की.

भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (११५०) हेच गणित अंकांचं आहे, पाच अंकी संख्या, शून्य नको, अंकांची बेरीज १३, अशा किती? १२ फटींतून ४, म्हणजे ४९५. अट पण तिथं दिलीय, बेरीज ही अंकांची संख्या अधिक ९ पेक्षा कमी पाहिजे. मुलाला बेरीज १४ घेऊन करायला सांगा, फटींनी ७१५ येतात पण त्यातल्या ५ वाटण्यांत एका जागी १० येतो, तो अंकच नाही, म्हणून ७१०.