एसटीडी आलं आणि डबा थांबला

(ट्रंक ऑपरेटर म्हणून लागून 34 वर्षं टेलिफोनची नोकरी केलेल्या ताई या सदरात वाचकांच्या पत्रांना उत्तरं देतात.)

प्रश्न : नातवाच्या पंधराव्या वाढदिवसाला मी पेन्शनमधून 5,000 रुपये त्याच्या खात्यात टाकले. उत्तर म्हणून मोबाइलवर नुसतं अंगठ्याचं चित्र आलं. मी मनाला लावून घेतलं. माझं चुकलं का?
– एक आजोबा, मिरज

उत्तर : आजोबा, वडिलांनी पहिलं घड्याळ घेऊन दिलं तेव्हा तुम्ही त्यांना ‘आभारी आहे’ म्हणाला होतात? आमच्याकडे कुणी म्हटलं असतं, तर ताप आलाय का म्हणून कपाळाला हात लावला असता. घड्याळ दिवसभर मिरवायचं आणि ते देणाऱ्याने लांबून बघायचं, एवढीच रीत होती. खात्यातले पैसे मिरवता येत नाहीत. पुढच्या वर्षी त्याला घेऊन दुकानात जा. तोवर अंगठ्यावर भागवा, द्रोणाचार्यांनीही भागवलं होतं.

प्रश्न : ताई, माझी लेक सतरा वर्षांची, बारावीला आहे. गेल्या महिन्यात धो धो पावसात आमचं इंटरनेट चार तास बंद पडलं. तिचा ऑनलाइन क्लास बुडाला. दुरुस्तीला मुलगा आला, असेल वीस-बावीसचा, नखशिखान्त भिजलेला. त्याच्या बुटांच्या चिखलाने हॉलभर राडा झाला, मला फरशी दोनदा पुसावी लागली. तो दारातून आत येतोय तोच ही कडाडली, “चार तास? पैसे कशाचे घेता तुम्ही?” तो काही बोलला नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रात्री मी तिला समजावलं. 1997 साली मी पुण्यात हॉस्टेलवर होते. रात्री अकरानंतर कॉलला एक चतुर्थांश दर लागायचा, म्हणून आम्ही मुली एसटीडी बूथवर रांग लावायचो. घरी फोन नव्हता, समोरच्यांकडे होता. मीटरचे लाल आकडे बघत बोलायचं, 20 रुपये झाले की ठेवायचा. तर म्हणते, “आई, बूथची स्टोरी परत नको ना!” या मुलांना सगळं आयतं मिळालं, कशाची किंमतच नाही. कृतज्ञता शिकवायची तरी कशी?
– एक आई, नाशिक

उत्तर : बाई गं, रांगेबद्दल तुम्ही नेमकं मलाच विचारलंत. मी तिच्या दुसऱ्या टोकाला बसायचे.

1976 साली मी सांगलीला ट्रंक एक्स्चेंजमध्ये लागले, म्हणजे परगावचे कॉल हाताने जोडून द्यायच्या ऑफिसात. लोक 180 फिरवून कॉल बुक करायचे. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग. अर्जंटला दुप्पट पैसे, लाइटनिंगला आठपट. मुंबईचा ऑर्डिनरी कॉल सकाळी बुक केला तर दुपारी लागायचा, कधी रात्री, कधी लागायचाच नाही. डोक्याला हेडसेट, समोर बोर्ड, दोन्ही हातांत कॉर्ड, आणि वेळ भरली की दोघांच्या बोलण्यात घुसून ‘थ्री मिनिट्स ओव्हर’. त्या काळी लोक फार कृतज्ञ होते असं वाटतं ना तुम्हाला? आम्ही खाल्लेल्या शिव्या या मासिकात छापता येणार नाहीत.

गोड बोलणारेही होते. मार्केट यार्डातले एक हळदीचे व्यापारी दर दिवाळीला एक्स्चेंजमध्ये पितळी डबा पाठवायचे, चिवडा आणि करंज्या. ‘आमच्या बहिणींना भाऊबीज’ असा निरोप असायचा. आम्ही हुरळून जायचो. त्यांचा ऑर्डिनरी कॉल दुसऱ्यांच्या अर्जंटच्या आधी लागायचा, हेही आता कबूल करून टाकते. पुढे एसटीडी आलं, म्हणजे ऑपरेटरशिवाय थेट परगावचा नंबर फिरवायची सोय. शेटजी स्वतःच्या बोटाने मुंबई फिरवायला लागले आणि त्या दिवाळीला डबा आला नाही. नंतरही कधी आला नाही. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, त्यातलं गाढव होण्याचा मान मी बरीच वर्षं भोगलाय. त्यामुळे ‘पूर्वी माणसं उपकार जाणायची’ असं कुणी म्हणालं की मला तो डबा आठवतो.

वेगळा असा एकच माणूस लक्षात राहिला. आटपाडीकडचा शेतकरी. बायको पुण्याला ऑपरेशनसाठी, आणि हा बाहेरच्या काउंटरपाशी बाकावर. दर अर्ध्या तासाने काउंटरवरच्या फोनवरून आत मला विचारायचा, “ताई, लागतोय का?” दहाव्यांदा विचारल्यावर मी खेकसले. रात्री अडीचला लाइन मिळाली. तीन मिनिटं झाली, मी मधे घुसले नाही. सात मिनिटं बोलले ते, तिकिटावर, म्हणजे कॉलच्या नोंदीच्या चिठ्ठीवर, मी तीनच लिहिली. (आता निवृत्त आहे, बघू कोण पेन्शन कापतंय.) महिन्याभराने काउंटरवर कुणीतरी शेंगांची पिशवी घेऊन आलं. चेहरा मी कधी पाहिलाच नव्हता, आवाज ओळखला. बायको बरी होऊन घरी आली होती. त्याला कुठेही फोन लावायचा नव्हता.

आता तुमची लेक. तक्रार टाकली ॲपवर, समोरून आला एक नंबर. तिच्या लेखी इंटरनेट भिंतीतून येतं. त्यामागे कुणाचा आवाज नाही, काउंटर नाही, ‘ताई, लागतोय का’ म्हणून विचारायची सोय नाही. चार तासांनी त्या सगळ्या व्यवहारातला पहिला जिवंत माणूस दिसला, तोही भिजलेला, आणि साचलेलं सगळं त्याच्या डोक्यावर ओतलं. वाईट वागली, प्रश्नच नाही. पण परवा ओटीपी येत नाही म्हणून कॉल सेंटरच्या एका मुलीला मी वीस मिनिटं फाडून खात होते. मी! फोन ठेवल्यावर हेडसेटची पट्टी कानामागे कशी रुतायची ते आठवलं, तोवर उशीर झाला होता.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी मागे एकदा जेसीबीने इंटरनेटची केबल तोडली. खड्ड्याच्या काठावर एक मुलगा बसला होता आणि दुसऱ्याने छत्री धरली होती. माणसावर नव्हे, मशीनवर. मशीन जेवणाच्या डब्याएवढं. काचेची तार, केसासारखी. तिची रंगीत साल काढायची, स्पिरिटने पुसायची, टोक सरळ कापायचं, दोन टोकं मशीनमध्ये समोरासमोर ठेवायची. आत बारीक ठिणगी उडते आणि काच काचेत मिसळते. स्क्रीनवर लॉसचा, म्हणजे जोडात किती प्रकाश वाया जातो त्याचा, आकडा येतो, तो पटला नाही की तोडून पुन्हा पहिल्यापासून. अशा चोवीस तारा. कापलेले तुकडे तो एका छोट्या डबीत टाकत होता. मी विचारलं, हे कशाला जपतोस? म्हणाला, “काच आहे आजी. कुणाच्या पायात घुसली तर दिसत पण नाही.” आमचे जॉइंटर असेच खड्ड्यात उतरायचे. कागदाचं वेष्टण असलेल्या केबलमध्ये पाणी शिरलं की उकळतं मेण ओतून ओल काढायचे. तो वास मला अजून पावसाळ्यात येतो.

लेकीला कृतज्ञता शिकवायला जाऊ नका. तुमच्या हालांचं बिल तिच्या नावावर फाडलंत तर ती ‘परत नको’ म्हणणारच, मीही म्हटलं असतं. त्या मुलाला फोन लावून सॉरी म्हणायलाही लावू नका. धाकाने म्हटलेलं सॉरी म्हणजे शेटजींचा डबा. पुढच्या वेळी लाइन गेली की दार तिला उघडू दे, आणि चार तास कुठे होतास हे तिलाच विचारू दे, पण त्याला खुर्चीवर बसवून. सांगतात ती मुलं, विचारलं की भरभरून सांगतात.

आणि त्याच्या हातात टॉवेल तुम्ही द्या. रागावू नका, पण तुमच्या पत्रात चिखल आहे, फरशी आहे, दोनदा पुसणं आहे. त्याला पाणी, चहा विचारला का, ते नाही. विचारला असेलही, लिहायचं राहिलं असेल.

लिहायचं आणखी एक राहिलंय. ‘समोरच्यांकडे होता’ एवढ्या दोन शब्दांत तुम्ही एक अख्खं घर उरकलंत. रात्री अकरानंतर त्यांच्याकडे घंटा वाजायची. कुणीतरी अंथरुणातून उठायचं, दिवा लावायचं, कडी काढून तुमच्या दारात जायचं, आईला हाक मारायचं. तुम्ही ठेवून पाच मिनिटांनी पुन्हा लावत असाल, पैसे वाचवायला सगळे तसंच करायचे. म्हणजे घंटा दोनदा. मग तुमचे 20 रुपये संपेपर्यंत त्यांनी आपल्याच घरात जांभया देत उभं राहायचं.

बूथची गोष्ट पुन्हा सांगाल तेव्हा तिथून सुरू करा. लेक विचारेल, कोण होते गं ते? नाव आठवतंय ना?