वैशाखातला सिलिंडर

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप मिळाला. माघात पुरून उरलेला सिलिंडर चैत्रात भराभर संपला, आता वैशाखात मुंबईचे सगळे चाकरमानी येणार आणि आजी म्हणते, गॅसवाला टाकी कमी भरून देतो. आजीच्या शंकेचं आधी बघू. सिलिंडर दारात आला की वजन करून मागायचा तुला हक्क आहे. टाकीच्या वरच्या भागावर रिकाम्या टाकीचं वजन लिहिलेलं असतं, त्यात १४.२ किलो मिळव आणि काट्यावर ताडून बघ. वजन बरोबर भरलं, तर चोर घरातच आहे असं समज. माझ्या मते तो तुमच्या न्हाणीघरात आहे.

स्वयंपाकघरात गॅस जळतो तो मुख्यतः पाण्यासाठी. अन्न शिजायला उष्णता लागतेच, पण तिच्या कितीतरी पट आपण पाणी तापवण्यात, उकळण्यात आणि वाफ करून उडवण्यात घालवतो. एवढं मनात पक्कं बसलं की पुढचं बरंचसं तुझं तुलाच सुचेल.

आंघोळीचा हिशेब करून बघ. पंधरा लिटरची बादली, विहिरीचं पाणी सत्तावीस-अठ्ठावीस अंशांचं, ते पंधरा अंशांनी चढवायचं. उघड्या पातेल्यात शेगडीची जवळजवळ निम्मी उष्णता बाजूने निघून जाते, हे धरलं तर एका बादलीला ३५ ते ४० ग्रॅम गॅस लागतो. पाच माणसं आणि तीस दिवस म्हणजे साडेपाच-सहा किलो. टाकीचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त गॅस, तोही ज्या महिन्यांत अंगाची लाही होते त्या महिन्यांत! माघात पहाटे गारठा असतो, तेव्हा मी काही बोलणार नाही. पण फाल्गुनानंतर आंघोळीचं पाणी गॅसवर चढता कामा नये.

तुमच्या मागच्या अंगणात, पोफळीची सावली येत नाही तिथे, झाकणाचं काळं पिंप ठेव. सकाळी भरलंस की चारच्या सुमाराला पाणी छान कोमट झालेलं असेल. पिंप रोजच्या रोज रिकामं करायचं. आगरातलं काम आटपून संध्याकाळी आंघोळ करणाऱ्यांना तेवढं पुष्कळ झालं. आजीला सकाळी कढतच पाणी लागतं आणि तिच्या वयाला ते मिळालंच पाहिजे. त्यासाठी न्हाणीघराबाहेरचं चुलाणं पुन्हा पेटतं कर. नारळाची सोडणं म्हणजे वरच्या साली, करवंट्या, माडाच्या वाळक्या झावळ्या तुमच्या आगरात ढिगाने पडलेल्या असतात. फक्त चुलाण्याशी तिला बसवू नकोस. धुराने तिची छाती भरते, जाळ तूच घाल. आणि चूल बाहेरच ठेव, घरात अजिबात नको.

आता शेगडीकडे ये. पाण्याला उकळी फुटली की मोठ्या आचेवर ते आणखी गरम होत नाही, फक्त लवकर आटतं. तीस अंशांचं लिटरभर पाणी उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, तिच्या सातपटीहून जास्त ते सगळं पाणी वाफ करून उडवायला लागते. म्हणून उकळी आली की आच बारीक आणि पातेल्यावर झाकण. काळ्या वाटाण्यांची आमटी तासभर रटरटत ठेवण्यात काही शहाणपण नाही. वाटाणे रात्रभर भिजू देत, मग कुकरला लाव, शिट्टी झाली की आच कमी. वरच्या डब्यात दोन कैऱ्याही ठेव, पन्ह्याचं काम त्यातच उरकतं. स्वयंपाकाला लागणारं पाणी स्टीलच्या झाकणबंद कळशीत भरून दुपारभर पायरीवर उन्हात ठेव. विहिरीच्या अठ्ठावीस अंशांऐवजी चाळीस अंशांवरून सुरुवात केली तर उकळीपर्यंतच्या उष्णतेतला सहावा हिस्सा आयता वाचतो. फ्रीजरमधली मासळी मात्र उन्हात ठेवू नकोस. ती आदल्या रात्री खाली फ्रीजमध्ये काढ, बर्फाचा गोळा कढईत टाकून वितळवत बसावं लागणार नाही.

पेजेसाठी तर तुझ्या घरात फुकटची सोय आहे. उकडे तांदूळ दोन तास भिजव, भरपूर पाण्यात उकळी आण, झाकण ठेवून दहाएक मिनिटं बारीक आचेवर शिजव आणि गॅस बंद कर. मोठ्या टोपलीत पेंढा दाबून भर, मधोमध पातेल्याएवढी खोबण कर, झाकणासकट पातेलं त्यात बसव, वरून पेंढा आणि जुनी गोधडी. दीडेक तासाने उघडलंस की शीत बोटाने दाबून बघ, मऊ होऊन तुटलं पाहिजे. कच्चट लागलं तर दोन मिनिटं उकळून परत टोपलीत. मात्र पेज दुपारच्या दुपारी संपव, उन्हाळ्यात कोमट भात फार वेळ राहिला की बिघडतो.

शेगडीची जागा तेवढी बदल. तुमच्या स्वयंपाकघराची खिडकी पश्चिमेला आहे. दुपारी खारे वारे सुटले की ज्योत फरफरते आणि अर्धी आच पातेल्याबाहेर जाते. त्यातून उकाड्यामुळे पंखाही चालू. खिडकी बंद करायची नाही, हवा खेळती हवीच, पण शेगडी झोतातून बाजूला सरकव. समुद्राच्या हवेने बर्नरला गंज धरतो आणि भोकं बुजतात. ज्योत निळी असली पाहिजे. पिवळी दिसली किंवा पातेल्याच्या बुडाला काजळी धरली, तर बर्नर गार झाल्यावर काढून टाचणीने भोकं मोकळी कर.

इंडक्शनचं विचारलं होतंस. घ्यायला हरकत नाही, पण आधी विजेचं बिल बघ. १०० युनिटांच्या वर दर एकदम चढतो आणि उन्हाळ्यात पंख्यांनीच तुम्ही ती वेस ओलांडत असाल. शिवाय वळीव आला की वीज जाते.

गोबरगॅसबद्दल मात्र मी तुझ्या मागे लागणार आहे. घनमीटरभर गॅसला रोज साधारण २५ किलो शेण लागतं आणि तो सिलिंडरमधल्या अर्ध्या किलोला जरा कमी इतक्या गॅसचं काम करतो. गोठ्यात अजून चार गुरं आहेत तोवर हे जमण्यासारखं आहे. ऊब असली की शेण चांगलं कुजतं आणि गॅस जास्त येतो, म्हणजे घर भरतं त्याच महिन्यांत तो जोर धरतो. कुडाळजवळ झारापला भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठान आहे, त्यांनी सिंधुदुर्गात गावोगाव गोबरगॅस उभे करून दिलेत. एकदा जाऊन बघून ये.

आणि आता मला सर्वांत जिव्हाळ्याचं सांगायचंय ते आंब्याचं. दरवर्षी मे महिन्यात तुमच्याकडे रस आटवायला घेतात. मोठी कढई, तासन्‌तास गॅस, पाळीपाळीने ढवळणं. आटवणं म्हणजे पाणी उडवणं, आणि पाणी उडवण्याइतकं महागडं काम गॅसवर दुसरं नाही हे वर सांगितलंच. तेच काम ऊन करतं, पैसा न घेता, म्हणून यंदा साठं म्हणजे आंबापोळी घाल. रायवळ आंबे पिळून रस गाळून घे, आंबट असेल तर साखर घाल, ताटाला तुपाचा हात लावून पातळ थर पसर, वरून मलमलीचं फडकं. थर वाळला, बोटाला चिकटेनासा झाला की त्यावर दुसरा, मग तिसरा. ताट तिरपं धरून रस सगळीकडे सारखा पसरव, नाहीतर मध्ये ओलं राहतं आणि तिथेच बुरशी धरते. साठं उलटवून दुसरी बाजूही उन्हाला दाखव. वाळवण एप्रिलातच सुरू कर. मेच्या शेवटी हवा दमट होते आणि आभाळ भरून येतं, मग काहीच धड सुकत नाही.

आजीला आटवलेला रसच हवा असेल, तर तो बाहेरच्या चुलीवर सोडणांच्या जाळावर होऊ दे. कोकमाचंही तसंच. साली बरणीत साखरेबरोबर थरावर थर भरून उन्हात ठेवल्या की अमृत कोकम होतं, ज्योत पेटवावी लागत नाही. आमसुलं वाळवून ठेवलीस की सोलकढीची सोय झाली. पाहुणे येतील त्या दिवसांत दुपारच्या ताटाला सोलकढी, सुकटीची किसमूर आणि कुळथाची पिठी ठेव. पिठी दहा मिनिटांत होते, सुकट तर नुसती भाजायची, आणि उन्हातून आलेल्या माणसाला याहून चांगलं जेवण मला माहीत नाही.

शेगडीची रबरी नळी कधी बदललीत ते आजीला विचार. पाच वर्षं झाली असतील तर पाहुणे यायच्या आधी नवी घाल, जोडाला साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघ. गॅसचा वास आला तर विजेच्या बटणाला हात न लावता रेग्युलेटर बंद कर, दारंखिडक्या उघड, बाहेर पड आणि १९०६ वर फोन कर. हा नंबर आजीलाही पाठ करून ठेव.

पेंढा लागला तर आमच्याकडून घेऊन जा, माडीवर पडून आहे.

तुझी काकू