ग्वाल्हेरच्या थंडीत नवजात बाळाच्या खोलीत शेगडी ठेवावी का?

तुम्ही विचारलंय की जानेवारीत ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या वाड्यात तुमचं बाळंतपण होणार आहे, सासूबाई खोलीत शेगडी हवीच म्हणतात, नवऱ्याला ती नको आहे, तर ऐकावं कोणाचं?

सासूबाईंची थंडीची धास्ती खरी आहे, पण शेगडी नकोच. मी ग्वाल्हेरचीच. नवजात बाळांच्या वॉर्डात नर्स होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

इथे जानेवारीत रात्री पारा ५ अंशांच्या आसपास, कधी त्याहूनही खाली जातो. बाळाला आपल्यासारखं कुडकुडता येत नाही. मानेजवळची आणि पाठीवरची एक खास चरबी जाळून ते स्वतःला गरम ठेवतं, आणि कमी दिवसांच्या, कमी वजनाच्या बाळाकडे ती अगदी थोडी असते. गारठलेलं बाळ आकांत करत नाही, ते सुस्तावतं, दूध ओढत नाही. घरचे कौतुकाने म्हणतात, "किती गुणाचं आहे, नुसतं झोपून असतं." हे वाक्य ऐकलं की मी आधी बाळाच्या पोटाला हात लावायची.

आता शेगडी. धूर असतो तोवर कोणीतरी खिडकी उघडतं. निखारे लाल झाले, धूर थांबला, की सगळे निर्धास्त होऊन दार लावून घेतात. कार्बन मोनॉक्साइड मात्र त्यानंतरही साठतच राहतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या २०० पटींहून अधिक घट्ट धरतो. झोपेतल्या बाळंतिणीला उठून दार उघडण्याचंही भान राहत नाही. ओवा-बाळंतशेपांची धुरीही बाळाला देऊ नका, त्या इवल्या फुप्फुसांना धूर सोसत नाही.

मग ऊब कुठून आणायची? आईच्या अंगातून. जन्मल्याबरोबर बाळाला कोरडं पुसून, टोपरं घालून, उघड्या अंगाने आईच्या छातीवर ठेवायचं, वरून पांघरूण घालायचं आणि पहिल्या तासातच दूध पाजायचं. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ साली इनक्युबेटर अपुरे पडत होते, तेव्हा डॉ. एडगर रे यांनी कमी वजनाच्या बाळांसाठी हीच रीत सुरू केली. आज ती कांगारू मदर केअर म्हणून जगभर वापरतात. बाळ अडीच किलोच्या आत असेल तर दिवसातून जमेल तितके जास्त तास असं धरा, एका वेळी निदान तासभर. हे आईनेच करायला हवं असंही नाही. तुम्ही जेवत असाल, विश्रांती घेत असाल, तेव्हा सासूबाईंनी बाळ छातीशी घ्यावं. ज्यांना बाळाच्या थंडीची इतकी काळजी आहे, त्यांच्याच हाती हे काम द्या.

पहिली आंघोळ निदान २४ तास तरी नको. बाळ अशक्त असेल तर डॉक्टर सांगेपर्यंत ओल्या कपड्याने पुसणं पुरतं. जुन्या वाड्यांत न्हाणीघर चौकापलीकडे असतं, तिथवर बाळ नेऊ नका. हीटरने खोली आधी तापवून घ्या, तेल-पाणी तिथेच भर दुपारी उरका, आणि झोपताना हीटर बंद करा.

पारख सोपी आहे. पोट आणि तळपाय दोन्ही कोमट असतील तर ठीक. पोट कोमट पण तळपाय गार असतील तर लगेच छातीशी घ्या. दोन्ही गार लागले तर धोका आहे. काखेत थर्मामीटर लावला तर ९७.७ ते ९९.५ फॅरनहाइट दिसायला हवं. उलट टोकही नको: आपल्यापेक्षा कपड्यांचा एक थर जास्त पुरतो, आणि जड रजाई बाळावर घालूच नका.

बाळ दूध ओढत नसेल, धाप लागत असेल, छाती आत ओढली जात असेल किंवा ऊब देऊनही गारच राहत असेल, तर सकाळची वाट पाहू नका, १०८ ला फोन करा. दवाखान्यात नेतानाही बाळाला नुसत्या दुपट्यात गुंडाळून नेऊ नका. तुमच्या छातीशी उघड्या अंगाने धरा आणि वरून शाल घ्या.