आयरिश: ‘अग’नंतर शब्द बदलत नाही, मग डनगॉलवाले ‘अ व्ल्यान’ का म्हणतात?

प्रश्न थोडक्यात असा: आयरिशमध्ये क्रिया चालू आहे हे दाखवणाऱ्या ‘अग’नंतर धातुसाधित नामाचं पहिलं व्यंजन बदलत नाही असं व्याकरणाचं पुस्तक सांगतं. पण डनगॉलच्या (आयर्लंडच्या वायव्येकडच्या भागातल्या) रेकॉर्डिंगमध्ये ‘ख़ुई शी अ व्ल्यान ना बो’ (ती गाईची धार काढायला गेली) ऐकू येतं. मूळ शब्द तर ‘ब्ल्यान’. मग चूक कोणाची?

कोणाचीच नाही. त्या वाक्यात ‘अग’ नाहीच, तिथेच सगळा घोळ आहे.

बोलताना व्यंजनापुढे ‘अग’मधला ‘ग’ गळतो. ‘ता शी अग ब्ल्यान’ (ती धार काढतेय) हे प्रत्यक्षात ‘ता शी अ ब्ल्यान’ असंच ऐकू येतं. ‘अ व्ल्यान’मधला ‘अ’ मात्र दुसराच: तो जुन्या ‘दो’चा (म्हणजे ‘-ला, -साठी’चा) झिजलेला अवशेष आहे. ‘दो’ पुढचं व्यंजन मऊ करतो, ब चा व होतो, म्हणून ‘अ व्ल्यान’. अल्स्टरमध्ये, म्हणजे डनगॉलच्या बोलीत, जाणं-येणं दाखवणाऱ्या क्रियापदानंतर हेतू सांगायला हा दुसरा ‘अ’ लागतो. मन्स्टरमध्ये, म्हणजे दक्षिणेकडच्या बोलीत, त्याच जागी ‘अग’ चालतो, फक्त धार काढण्याला तिथे ‘क्रू’ म्हणतात: ‘अ क्रू ना बो’. आपल्याकडे ‘करायला’चं कुठे ‘कराया’ होतं, वऱ्हाडात ‘कराले’ होतं, तितकंच हे साधं आहे.

कानाने ओळखायचं असेल तर स्वरापासून सुरू होणारा शब्द घ्या. ‘ओल’ म्हणजे पिणं. ‘अग’ असेल तर ‘ग’ टिकतो आणि ‘अ गोल’ ऐकू येतं. ‘दो’वाला असेल तर त्याचा जुना ‘द’ मऊ होऊन परत डोकं वर काढतो: ‘अ ग़ोल’, घशातला, उर्दूतल्या ग़ सारखा. ग आणि ग़ यांतला फरक कानाला पकडता आला की अर्धं काम झालं. मी तर शिकणाऱ्यांना व्याकरणाच्या तक्त्याआधी ही एकच जोडी पन्नासदा ऐकायला सांगतो.

पण निव्वळ व्यंजन मऊ झालं म्हणून लगेच ‘हेतू’ असा निष्कर्ष काढू नका. कर्म कुठे आहे ते बघा. ‘अन वो अ व्ल्यान’ मध्ये गाय (‘बो’, इथे ‘अन’मुळे ‘वो’) आधी आली: ‘गाय दोहणं’. ‘बा वाह लुम’ (मला आवडेल) वगैरेंनंतर अल्स्टर, कॉनॉट, मन्स्टर या तिन्ही बोलींत हीच रचना येते, आणि इथे गाय षष्ठीत नाही. ‘अ ब्ल्यान ना बो’ मध्ये गाय मागे आली आणि षष्ठीत गेली: ‘गाईचं दोहन’. ‘बो’ हा शब्द षष्ठीत बदलत नाही, तेव्हा त्याआधीच्या ‘अन’चं (इंग्रजीतल्या the सारख्या शब्दाचं) ‘ना’ झालंय का, एवढंच तपासायचं. डनगॉलचं वाक्य चकवतं ते म्हणूनच: व्यंजन मऊ, तरी कर्म मागे आणि षष्ठीत.

मन्स्टरमध्ये आणखी एक गाठ आहे. ‘ख़ुन’ (साठी) हा शब्द षष्ठी मागतो, म्हणून तिथले लोक ‘ख़ुन ना बो अ ख़्रू’ म्हणतात, म्हणजे कर्म आधी आणि तरीही षष्ठीत. प्रमाण आयरिशमध्ये ‘ख़ुन अन वो अ ख़्रू’. प्रमाण भाषेचं व्याकरण आणि लेखन 1958 मध्ये एकत्र ठरवलं गेलं, त्यात तिन्ही बोलींमधून निवड झाली. तेव्हा पुस्तकाशी जुळलं नाही म्हणून बोलीवर लाल शाई मारू नये.

कर्म सर्वनाम असेल तर ते क्रियेच्या आधी, स्वामित्वाच्या रूपात येतं. ‘ता शे आ वुआला’ म्हणजे तो त्याला मारतोय, ‘आ बुआला’ तिला, ‘आ मुआला’ त्यांना. ‘आ’ तिन्हीकडे एकच, अर्थ फक्त पुढच्या व्यंजनावर. ‘मला’साठी प्रमाण रूप ‘दो मो वुआला’, मन्स्टरमध्ये ‘अम वुआला’. शिवाय हीच ‘आ’ रचना कर्मणी अर्थही देते: ‘ता शी आ ब्ल्यान’ म्हणजे ‘ती तिची धार काढतेय’ किंवा ‘तिची धार काढली जातेय’. दुसऱ्या अर्थी ‘शी’ म्हणजे गाय. संदर्भाशिवाय हे सुटत नाही, उगाच डोकं फोडू नका.

मूळ नामही प्रांतागणिक बदलतं. मन्स्टरला ‘-इंत’ आवडतो: बघण्याला ‘फेश्किंत’, उचलण्याला ‘तोगिंत’. इतरत्र ‘फेक्याल’, ‘तोगाल’. ‘बुआला’चा शेवट अल्स्टरमध्ये ‘बुआलू’ ऐकू येतो. त्यामुळे ऐकलेला शब्द कोशात सापडेना, तर आधी शेवट बदलून शोधा, मग सुरुवातीचं मऊ व्यंजन कडक करा: व चा ब किंवा म, ख़ चा क, ग़ चा द किंवा ग. ‘त्यांगलन’ (teanglann.ie) या मोफत संकेतस्थळावर पुष्कळ शब्दांचे तिन्ही बोलींतले उच्चार ऐकता येतात. तिथे अल्स्टरचं बटण दाबून ‘बुआला’पासून (लेखनात bualadh) सुरुवात करा.